उतार नसलेल्या नद्या

सांगली,
रविवार, ता. १० जानेवारी १९९९

तीर्थरूप आक्काताई यांना,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही एस.टी.च्या पार्सलानं धाडलेलं सामान शुक्रवारी दुपारी पोचलं. मिळालं ते असं: कॉम्प्युटरचा पेटारा एक, टी.व्ही.सारखा पडदा एक (तुमच्या गोधडीत गुंडाळलेला, ओरखडासुद्धा नाही), बटणांची पाटी एक, माउस एक, वायरी सात, फ्लॉपी पाच, खेळाची चकती एक, कारळ्याची चटणी अर्धा किलो, आणि कुठली वायर कुठं खुपसायची त्याचा मिलिंदनं काढलेला कागद. हमाली पाच रुपये, रिक्षा अठरा, तीन पिनांचा बोर्ड पंचेचाळीस. रिक्षावाला पंचवीस मागत होता. पडदा मी मांडीवर घेते, मग तुझी जागा किती अडली ते सांग म्हटल्यावर अठरावर आला. चटणी जमेत धरलेली नाही, ती मायेच्या खात्यात.

आमची लेक अक्षता डी.एड.ला कोल्हापुरात असल्यामुळं तिचं टेबल मोकळंच होतं. त्यावर सगळं मांडलं. तुमच्या भावानं मिलिंदचा कागद समोर ठेवून, ऑफिसात नकाशा वाचतात तसा वाचून, एकेक वायर लावली. पडदा उजळला तेव्हा शेजारच्या हरणाबाई बघायला आल्या होत्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या. मीही मग तिथं चपला घालून जात नाही.

आता खरं ते लिहिते. हे मशीन कशासाठी मागवलं ते मिलिंदला ठाऊक आहे, तुम्हाला त्यानं किती सांगितलं कोण जाणे. ह्यांच्या पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात आता नकाशे कॉम्प्युटरवर काढायचं ठरलं आहे. चोवीस वर्षं हे तिथं अनुरेखक आहेत. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या कालव्यावर मेणकापड पसरायचं आणि शाईनं रेघ गिरवायची, एवढंच काम, पण त्यांच्या रेघेला अख्ख्या जिल्ह्यात तोड नाही. आता मार्चअखेर ज्यांचं नाव शिक्षणाला जाईल आणि मे महिन्यात जे परीक्षा पास होतील, ते नकाशाशाखेत राहतील. बाकीच्यांची बदली पाणी मोजायला, कवठे महांकाळच्या बाजूला. पाणी मोजणं काही वाईट नाही. पण आक्का, ह्या माणसाच्या हातून रेघ काढून घेतली तर मागं काय उरेल, ते तुम्ही जाणता.

फॉर्म घरी आणला आहे आणि कपाटात ठेवला आहे. भरू म्हटलं की म्हणतात, आधी हात बसू दे. आणि हात काही बसत नाही. माउस ते पेनासारखा चिमटीत धरून वर उचलतात. जन्मभर नजर पेनाच्या टोकावर. इथं हात टेबलावर आणि रेघ तिकडं पडद्यावर. काल वैतागून म्हणाले, हे म्हणजे सातारला चमचा हलवायचा आणि सांगलीत आमटी ढवळायची.

एक शंका मिलिंदला विचारा. हात बसायला म्हणून त्यानं राजांच्या लढाईचा खेळ घालून दिला आहे. मी चालू करून पाहिला तर माणसं एकमेकांना भाल्यानं मारत होती आणि मेली की ओरडत होती. आपल्या घरात रोज सकाळी पंचशील म्हणतो, त्यातलं पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. मग पडद्यावरची हत्या चालते की नाही? मी तूर्त बंद ठेवला आहे.

लोभ आहे, तो आटू देऊ नये.
तुमची,
माया


सातारा,
१६ जानेवारी ९९

ती. मामींना,
मिलिंदचा सप्रेम जयभीम.

मामी, तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. चमचा-आमटीला ती इतकी हसली की ठसका लागला.

शंकेचं उत्तर. खेळ सुरू केला की पहिल्या पानावर सगळ्यात खाली एक बटण आहे. तिथं लढाई नसते, ती नकाशा बनवायची खोली आहे. एक कोरी हिरवी जमीन मिळते. त्यावर माउसनं डोंगर उठवायचे, नद्या सोडायच्या, झाडं, घरं, देवळं, हत्ती, सिंह, सोन्याच्या खाणी, हवं ते हवं तिथं ठेवायचं. जगात कुठंच नसलेला देश. लढाई नंतर, दुसरे लोक त्या नकाशावर करणार. त्यामुळं तुमचं शील सुरक्षित, पाप आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या पोरांच्या माथी.

मामांना सांगा, एकदम ऑफिसचं प्रोग्राम घेऊ नका. आधी एक देश बनवा. देश बनेपर्यंत हात आपोआप बसतो. झाला की फ्लॉपीवर उतरवून पाठवा, आमच्या क्लासात चार मशिनं जोडलेली आहेत, आम्ही खेळून बघू. फ्लॉपी लोहचुंबकापासून लांब ठेवा आणि मामी, कृपा करून ओल्या फडक्यानं पुसू नका.

तुमच्या कडबोळ्यांना लायक,
मिलिंद


सांगली,
२१ फेब्रुवारी १९९९

चि. मिलिंद यास,
अ. उ. आ. आक्कांना जयभीम सांगावा आणि हे पत्र वाचून दाखवावं.

सोबत फ्लॉपी एक. परीक्षेच्या जुन्या पॅडचे दोन पुठ्ठे, मध्ये फ्लॉपी, वरून मांजरपाटाची पिशवी आणि टाके. रजिस्टर केलं आहे. पोस्टातल्या बाईंना शिक्का हळू मारा म्हणून सांगितलं, त्यांनी मुद्दाम जोरात मारला. फुटली असेल तर कळव.

अरे, तुझ्या मामांनी देश बनवला!

पहिले आठ दिवस कठीण गेले. डोंगर उठवायला जात आणि तळं पडे. एकदा अख्खं गाव चुकून समुद्रात गेलं, तर त्या दिवशी जेवण गेलं नाही त्यांना. मग एका रविवारी विहारातून आलो आणि त्यांनी युक्ती काढली. ऑफिसातून टाकाऊ बटर पेपर आणले होते, त्यावर आधी पेन्सिलीनं सगळा देश काढला. तो कागद पडद्याच्या काचेवर चिकटवला, मागून उजेड येतोच, आणि त्या रेघेवरून माउस चालवला. गिरवायचं म्हटल्यावर हात सरळ झाला की! नजर रेघेवर राहिली, हाताला वाट मिळाली. चार कागद असे गिरवले आणि पाचव्याला कागद लावायचाच विसरले. विसरलात म्हटलं तर म्हणाले, बोलू नकोस, नदी वळते आहे.

मी मॅट्रिकपर्यंत भूगोल शिकले, पण नदी कशी वळते ते आता कळलं. मशीन आपणहून जो देश काढून देतं त्यात नदी कुठूनही निघते आणि कुठंही मरते, एक तर चक्क डोंगर चढत होती. ते बघून ह्यांना राग आला. ह्यांच्या देशात तीन डोंगररांगा, नऊ नद्या, आणि प्रत्येक ओढा खालच्या अंगाला वळून नदीला मिळतो. आणि कालवे विचारू नकोस. एकही गाव कोरडं नाही. अगदी पूर्वेच्या कोपऱ्यात पिवळी रेताड जमीन ठेवली होती, तिथंसुद्धा कालवा नेला. मी म्हटलं, तेवढी तरी कोरडी राहू द्या, बघायला बरी दिसते. म्हणाले, बघणाऱ्याला बरी दिसते, राहणाऱ्याला विचार.

गावांना कोट घातले आहेत. तुझ्या खेळात कोटाच्या आत राजवाडा आणि बाहेर घरं अशी रीत दिसते. ह्यांनी कोट एवढा मोठा घातला की सगळी घरं आत मावली. भिंतीबाहेर एकही घर ठेवलं नाही. का, ते आक्कांना कळेल.

सिंहांना एक वेगळं बेट दिलं आहे, म्हणजे त्यांचा त्रास नको आणि त्यांनाही कुणाचा नको. सोन्याच्या डोंगराभोवती खोल तळं घातलं. कारण विचारलं तर म्हणाले, हाव सुटायला नको कुणाला.

आणि मिलिंद, हसू नकोस, मीही थोडी गुंतले. त्या मशीनवर मराठीत नावं घालता येत नाहीत. मग नावांशिवाय गाव कसलं? मी जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या बाजूनं देशाचं दप्तर उघडलं. चौदा गावं: पिंपळझरी, मधवडी, चांदणे खुर्द, चांदणे बुद्रुक अशी. घरं किती, झाडं किती, गाई-बकरी किती. मधवडीत एकवीस घरं आणि गिरणी नाही, हे माझ्या नजरेनं पकडलं. गिरणीचं चित्र खेळात नव्हतं, म्हणून एक कोठार तिथं ठेवून तीच गिरणी समजायचं ठरलं. देवळाचं चित्र आहे, तो आमचा विहार.

हे आता ऑफिसातून येताना जलद चालत येतात. फॉर्म अजून कपाटात आहे, पण परवा स्वतःच काढून वाचत होते. तुमची पोरं देश खेळून बघतील, मग भरतील असं माझं मन सांगतं. काय झालं ते सविस्तर लिही.

मायेची सावली कमी होऊ देऊ नये.
तुझी मामी,
माया


सातारा,
२८ फेब्रुवारी ९९

ती. मामा-मामींना,
सप्रेम जयभीम.

फ्लॉपी ठणठणीत पोचली. टाके सोडवायला मात्र अर्धा तास गेला, आई म्हणाली मामीनं गोधडी शिवल्यासारखं शिवलंय.

मामा, काय देश बनवलाय! क्लासची पोरं तोंडात बोटं घालून बघत राहिली. असल्या नद्या त्या खेळाच्या कंपनीनंही काढल्या नसतील. मग चौघांनी चार गावं घेतली, चार राजे झाले आणि खेळ सुरू झाला. एक तास झाला, दोन झाले, कुणीच कुणावर चाल करून येईना. मला वाटलं सगळे दबा धरून बसलेत. उठून बघतो तर काय, शंभूराज नावाच्या पोराचं पन्नास माणसांचं सैन्य कालव्याच्या काठावर उभं! पलीकडं जायला वाटच नाही. पुढं कालवा, मागं नदी, डावीकडं पोटकालवा. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. सोन्यापर्यंत एकही जण पोचला नाही. चार तास चार राजे आपापल्या गावात ऊस राखत बसल्यासारखे बसून होते.

पोटं दुखेपर्यंत हसलो. शंभूराज म्हणाला, हे राजाचं राज्य नव्हे, पाटबंधाऱ्याचं सेक्शन ऑफिस आहे, इथं लढाईला आधी अर्ज द्यावा लागेल. मामा, चोवीस वर्षं कालवे काढून तुम्ही एक पूल विसरलात की हो!

दुरुस्त करून पाठवा. वाट बघतोय.

आपला,
मिलिंद


सांगली,
७ मार्च १९९९

तीर्थरूप आक्काताई यांना,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र तुम्हाला एकट्यांना लिहिते आहे, पण वाचणारा मिलिंदच, तेव्हा त्यानंही ऐकावं.

त्याचं पत्र मंगळवारी आलं. मला तर आनंद झाला होता. लढाई लागतच नाही असा देश आपल्या घरात बनला, याहून चांगलं काय! मी तसं म्हटलंही. हे पत्र उभ्यानंच वाचत होते. वाचून हसले, पण जरा जास्तच मोठ्यानं हसले. चहा अर्धा ठेवला. बुधवारी सकाळी बघते तर कॉम्प्युटरवर जुनी चादर, चारी कोपरे आत खोचलेली, घर बंद करून गावाला जाताना करतो तशी.

 शुक्रवारी जेवताना हे आपणच बोलले. म्हणाले, ऑफिसात कालव्याची पानं आमच्या टेबलाकडं आणि पुलांची पानं दुसऱ्या टेबलाकडं असायची. मला पूल कधी काढावाच लागला नाही. मी म्हटलं, मग त्यात तुमचा काय दोष? तर म्हणाले, दोष नाही, पण निकाल आहे. चोवीस वर्षं दुसऱ्याच्या रेघेवरून रेघ ओढली. पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं काहीतरी काढायला बसलो, तर असला देश निघाला की माणूस घराबाहेर पडू शकत नाही. साहेब नवीन मशीनवर स्वतः विचार करणारा माणूस मागतात. तो मी नव्हे. पाणी मोजायला जातो, तिथं पट्टीवरचा आकडा वाचला की झालं.

आक्का, मला वाटत होतं त्यांना मशीनची भीती आहे. मशीनची कधीच गेली. भीती ही होती, आणि मिलिंदनं नकळत तिच्यावरच बोट ठेवलं. त्याला रागावू नका, पोरगं जीव लावूनच लिहितं.

फॉर्म द्यायची शेवटची तारीख पंचवीस मार्च. मी सांगून ऐकत नाहीत, मी दप्तर ठेवते म्हणून मला पक्षपाती धरतात. ते लहानपणापासून ऐकत आले ते तुमचंच. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. इथं बाकी सर्व ठीक आहे. पौर्णिमेचा उपोसथ केला, हरणाबाईंच्या सुनेला मुलगी झाली.

तुमच्या शब्दाच्या आधारावर असलेली,
माया


सातारा,
१२ मार्च ९९

चि. प्रशांत आनि चि. सौ. माया हेंला आक्काचा लय लय आशीर्वाद.

(मामी, आई सांगते आहे आणि मी लिहितो आहे. एक अक्षर बदललंस तर जेवायला मिळणार नाही म्हणाली आहे, तेव्हा जसं बोलते तसंच लिहितो.)

पयलं म्हंजी मिलिंदाला मी झाडून काढलाय. मामाची चेष्टा करायची तर पुढ्यात बसून करावी, कागदावर करू न्हाई. कागदातलं हसू ऐकू येत न्हाई, नुस्तं टोचतं. (कबूल आहे. मामा, माफ करा.)

दुसरं. प्रशांता, तुझा देश मी बघितला. बुधवारी त्येच्या क्लासात गेले, खुर्चीवर बसले आनि म्हनले दाव. त्यानं समदा फिरवून दावला. लय देखना हाय रं. मला वाचायला येत न्हाई, पर नदी वळकू येती. दोन नद्या मिळत्यात ती जागा मी लगीच वळकली. आपली उंब्रजची तारळी आनि कृष्णाच हाय ती, व्हय का न्हाई? नाव काय बी दे. आनि भित्तीच्या आत समदी घरं बघितली तवा मी पदर डोळ्याला लावला, हे हेनं बघितलं न्हाई. (बघितलं.)

मग मी मिलिंदाला म्हनले, ह्ये संगमाजवळचं गाव म्हंजी माजं म्हायेर, आनि त्ये पल्याडचं सासर. आता मला म्हायेराला ने. त्यानं एक बाई घेतली आनि चालवली. ती बया काठापत्तूर गेली आनि हुबीच. पल्याड आई, अल्याड ती. प्रशांता, लढाया न्हाई झाल्या तर आग लागो त्या लढायांला. पर तुजी भन तुज्याकडं यायची कशी रं? तुज्या देशात पाणी समद्यांला हाय आनि येनं-जानं कुनालाच न्हाई.

तू म्हनतोस मला सोताचं डोकं न्हाई म्हनून पूल ऱ्हायला. खुळा हायेस. पूल सायेब काढतो. पर पूल नव्हता तवा मानसं काय घरात बसून हुती व्हय? नदीला उतार असतो. गुडघाभर पाण्यातनं आमी बाया भारा घिऊन जायचो की पल्याड. आनि उतार कुनी काढत न्हाई, त्यो चालून चालून गावतो. तू नदी कवा भारा घिऊन वलांडलीच न्हाईस, तू हुतास माज्या काखंत! मग तुला ठावं कसं असंल? न्हाई ठावं तर इचारावं. त्यात डोकं कमी हाय म्हनायचं काय कारन?

इचार मला, सांगते. जितं म्हशी डुंबत्यात तितं उतार नसतो, तितं डव्ह असतो. जितं पाणी वाजतं, तितं उतार. जितं बाया धुनं धुत्यात त्येच्या जरा वरल्या अंगाला. वळनावर कदी ठेवू नगंस, पाय सुटतो. समदं लिहून घे.

(मामा, आईचं ऐकून मी शोधलं. ह्या खेळात पूल नाहीतच, पण पाण्यावर टाकायचा उथळ पाण्याचा तुकडा आहे, त्यावरून माणसं चालतात. मलाही माहीत नव्हता. पाण्याच्या बटणाच्या शेजारी, डावीकडून तिसरा.)

चादर काढ. फारम दे. परीक्षेत नापास झालास तर म्हन मला डोकं न्हाई, मग मी ऐकून घीन. परीक्षा दिल्याबिगर म्हनायचं न्हाई.

तुजीच भन,
आक्का
(अंगठ्याची शाई तिनं माझ्या शर्टाला पुसली आहे.)


सांगली,
दि. १९ मार्च १९९९

प्रति,
ती. आक्काताई, सातारा

विषय: नदीस उतार ठेवणेबाबत.
संदर्भ: आपले दि. १२ मार्चचे पत्र.

उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की, आपल्या सूचनेप्रमाणे चादर काढणेत आली असून ती धुण्यास टाकलेली आहे. देशातील नऊ नद्या व सर्व कालव्यांवर एकूण सतरा ठिकाणी उतार देणेत आले आहेत. जागा निश्चित करताना पाणी वाजते किंवा कसे, हे पडद्यावर ऐकू येत नसल्याने अदमासाने ठरविले. वळणावर एकही दिलेला नाही. संगमाजवळील उतार प्रथम दिला. तेथून एक बाई चालवून पाहिली, ती विनाअडथळा पलीकडे पोचली. सौ. मायाने दप्तरात त्याची नोंद घेतली आहे.

सोन्याच्या डोंगरास व सिंहांच्या बेटास उतार दिलेला नाही व देण्यात येणार नाही. चि. मिलिंदने त्याबाबत पत्रव्यवहार करू नये. त्याची माफी मान्य.

शिक्षणाचा फॉर्म आज दुपारी कार्यालयात दाखल केला.

आक्का, मी तुझ्या काखेत होतो ते खरं, पण पाणी पायाला लागायचं. ते आठवतं.

आपला आज्ञाधारक,
धाकटा भाऊ


सातारा,
१६ मे ९९ (पोस्टकार्ड)

ती. मामींना जयभीम. मामांची शिक्षणानंतरची परीक्षा काल इथल्या ऑफिसात झाली. अकरा जण होते, मामा वयानं दुसरे. दोन तासांत एका पोटकालव्याचं पान काढायचं होतं. सुटल्यावर मी फाटकाशी उभा होतो. कसा गेला पेपर विचारलं तर म्हणाले, वीज गेली नाही. एवढंच. घरी येऊन आईच्या हातच्या अडीच भाकरी खाल्ल्या आणि तासभर झोपले. आई म्हणते भूक लागली म्हणजे पास, मी म्हणतो झोप लागली म्हणजे सांगता येत नाही. आज दुपारच्या गाडीनं निघतील. तुम्हीही विचारू नका. — मिलिंद


सांगली,
रविवार, ता. २० जून १९९९

तीर्थरूप आक्काताई यांना,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

बसून ऐका. शुक्रवारी संध्याकाळी हे नेहमीच्या वेळेला घरी आले. पाय धुतले, चहा घेतला, पावसानं गळणारी खिडकी बघितली, तिला पुठ्ठा लावला.  मी महिनाभर निकालाचं विचारायचं नाही असं मिलिंदच्या सांगण्यावरून पाळत होते, आणि आक्का, उपोसथाला एक वेळ जेवणं सोपं, पण हे कठीण. जेवणं झाल्यावर हिशेबाची वही उघडली तर त्या दिवसाच्या पानात एक सरकारी कागद घडी घालून ठेवलेला. मी वर बघितलं. हे कॉम्प्युटरसमोर पाठ करून बसलेले, पण माउस हलत नव्हता.

कागद दोनदा वाचला. अकरा जण बसले, सात पास झाले. पन्नासात वीस लागत होते, ह्यांना तेवीस. सातात सातवे. शेरा असा: काम सावकाश, परंतु अचूक. नेमणूक नकाशाशाखेत, सांगलीतच, एक जुलैपासून. आणि हुद्दा अनुरेखक नव्हे. सहायक आरेखक.

कागद वाचताना माझा हुंदका त्यांना ऐकू गेला असावा. वळून म्हणाले, तेवीसच आहेत. मी म्हटलं, मला मॅट्रिकला गणितात पस्तीस होते, त्यावर चोवीस वर्षं तुमचं घर चाललं. तेव्हा हसले. मोजकं हसले, आतून.

मग सांगत बसले. परीक्षेत पहिली दहा मिनिटं माउस पुन्हा पेनासारखा चिमटीत उचलला जात होता. बाकीचे खटाखट पुढं गेले. ह्यांनी डोळे मिटले आणि समजले की हीच आपली पिंपळझरी आणि इथूनच कालवा न्यायचा आहे. मग घाई वाटली नाही. शेवटचा कोपरा राहिलाच, तिथले मार्क गेले. अनुरेखक म्हणजे गिरवणारा, आरेखक म्हणजे काढणारा, एवढाच फरक आहे, असं मला समजावून सांगत होते, जसं काही मला कळलंच नव्हतं. चार वेळा समजावून सांगितलं. मी चारही वेळा ऐकलं.

काल विहारात मेणबत्ती लावली, खीर केली, हरणाबाईंकडं वाटीभर दिली. कशाबद्दल विचारलं तर ह्यांनी मागून खूण केली, म्हणून पाऊस चांगला झाला म्हटलं. तुमचा भाऊ गल्लीत स्वतः होऊन कुणालाच सांगत नाही. कुणी विचारेल म्हणून मात्र कालपासून दोनदा दाराशी जाऊन उभे राहिले. लोक पावसाचंच बोलतात.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. हे पत्र पोचल्याबरोबर उलट टपाली उत्तर धाडा. खुशाली लिहा, नुसता अंगठा उठवला तरी चालेल, पण पत्र माझ्या नावे नको, ह्यांच्या नावे टाका. आणि मिलिंदला सांगा, पाकिटावर ठळक, मोठ्या अक्षरांत, नावाखाली सहायक आरेखक असं लिही. आमच्या गल्लीचे पोस्टमन भाऊसो पहिल्या घरापासून नाव-हुद्दा मोठ्यानं वाचत येतात, आणि आमचं घर शेवटचं आहे.

तुमची,
माया